बँकॉकला राहायला येताय? आधी पत्ता, मग तारीख

थायलंडमधल्या पहिल्याच वर्षी माझा अख्खा दिवस एका चिठ्ठीपायी गेला. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या कंपनीचे कागद, फोटो, प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईत सही, असा जाडजूड गठ्ठा घेऊन मी इमिग्रेशनच्या काउंटरसमोर बसले होते. समोरच्या बाईंनी तो शांतपणे चाळला, पासपोर्टची मागची पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "तॉ-मॉ साम-सिप?" मला काहीच कळेना. त्यांनी शेजारच्या माणसाच्या पासपोर्टला स्टेपल केलेली बोटभर रुंदीची चिठ्ठी दाखवली. तसली चिठ्ठी, म्हणजे घरमालकाने परदेशी भाडेकरूची इमिग्रेशनकडे नोंद केल्याची टीएम ३० ची पावती, माझ्याकडे नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही घर बदललं होतं. नव्या घरमालकिणीने आमची नोंद केली नव्हती आणि ती करायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. अर्ज परत मिळाला.

त्यानंतर बऱ्याच मराठी कुटुंबांना इथे येऊन स्थिरावताना पाहिलं. अडचण बहुतेकदा दोनच ठिकाणी येते: तुम्ही राहता कुठे याची नोंद, आणि अमुक काम अमुक तारखेच्या आत. बाकी हा देश परक्या माणसाला फार सांभाळून घेतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

निघण्याआधी: नाव एकसारखं करून घ्या

आपल्याकडे मुलीचं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदलतं. पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरं. मुंबई-पुण्यात याचं कुणाला काही वाटत नाही. इथे मात्र काउंटरवरचा माणूस अक्षर न् अक्षर लावून बघतो, आणि त्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी माणसं असतात. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, लग्नाच्या दाखल्यावर आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून येतंय ना, हे भारतात असतानाच तपासा. फरक असेल तर तिथेच दुरुस्त करा. इथून महापालिकेच्या कार्यालयात दुरुस्ती करून घेणं म्हणजे घरच्या कुणाला तरी चार-पाच खेपा.

नोकरीसाठी येणाऱ्याचा व्हिसा नॉन-इमिग्रंट बी, त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा नॉन-इमिग्रंट ओ. कुटुंबासाठी लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो आणि त्यावर साधी नोटरी चालत नाही. राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, थाई वकिलात अशी शिक्क्यांची साखळी असते, शिवाय थाई भाषेतला प्रमाणित अनुवाद लागतो. कंपनीत हे काम बघणाऱ्या माणसाकडून "कुठले शिक्के, कुठल्या क्रमाने" हे ईमेलवर लेखी मागवून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून भारतातून थाई व्हिसाचा अर्ज ऑनलाइनच करायचा असतो, त्यामुळे सगळे कागद नीट स्कॅन करून ठेवा.

विमानात बसण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. विमानात वाटायचे त्या जुन्या कागदी फॉर्मची जागा १ मे २०२५ पासून याने घेतली. ते पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करा, ती सरकारी नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. पर्यटक म्हणून बिनव्हिसा येऊन "नोकरीचं नंतर बघू" असं करू नका. जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांचा बिनव्हिसा प्रवेश मिळाला खरा, पण असे दिवस सरकार कमीजास्त करतं आणि त्या शिक्क्यावर एक दिवसही काम करता येत नाही.

घर शोधताना

पहिला महिना हॉटेलात किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढा. तुमची नोंद ते स्वतः करतात. एखाद्या कॉन्डोतली खोली आठवड्याच्या भाड्याने घेण्याचा मोह होतो, पण ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर भाड्याने देणं हॉटेलच्या परवान्याशिवाय बेकायदा आहे. असा मालक तुमची नोंद कशाला करेल?

नेहमीचा करार वर्षाचा असतो. दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही सर्रास चालणारी रीत आहे. सही करण्याआधी मालकाला तीन प्रश्न विचाराच.

टीएम ३० कोण भरणार आणि कधी? हा पहिला. उत्तर "बघू" असेल तर दुसरं घर बघा.

विजेचं बिल कुणाकडून येतं, हा दुसरा. बँकॉक, नोन्थाबुरी आणि समुत प्राकानमध्ये महानगर वीज प्राधिकरण वीज देतं, इतर प्रांतांत प्रांतिक वीज प्राधिकरण. त्यांचं बिल थेट तुमच्याकडे येत असेल तर उत्तम, ते कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्येही भरता येतं. काही इमारतींचे मालक मात्र आपला दर लावतात आणि तो सरकारी दरापेक्षा बराच चढा असतो. एप्रिलमध्ये एसी दिवसरात्र चालतो तेव्हा हा फरक खिशाला कळतो.

तिसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. बऱ्याच कॉन्डोंत गॅस सिलिंडरला बंदी असते आणि ओटा म्हणजे दोन हात लांबीची फळी. इंडक्शनची शेगडी असेल तर तळ चालेल असाच कुकर भारतातून आणा. खिडकी कुठे उघडते तेही बघा. लसूण-मिरचीच्या फोडणीचा ठसका बंद कॉरिडॉरमध्ये शेवटच्या घरापर्यंत पोचतो.

पत्ता लिहायला लगेच शिका. मोठा रस्ता, त्याला फुटलेली गल्ली म्हणजे सोई. सोईंचे विषम आकडे रस्त्याच्या एका बाजूला, सम दुसऱ्या. म्हणून सोई २३ च्या समोर सोई २४ असेलच असं नाही, ती बरीच पुढेमागे असू शकते. बँकॉकमध्ये पत्त्यात ख्वेंग (पोटविभाग) आणि खेत (विभाग) येतात, बाहेरच्या प्रांतात त्यांच्याच जागी तांबोन आणि आम्फो. खेत म्हणजे आपलं क्षेत्रच. पत्ता थाई लिपीत फोनमध्ये ठेवा. टॅक्सीवाल्याला दाखवायला आणि प्रत्येक सरकारी फॉर्मवर उतरवायला तो लागतो.

पहिले चोवीस तास: टीएम ३०

१९७९ च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने, किंवा ज्याच्या ताब्यात घर आहे त्याने, २४ तासांत कळवायचं असतं. हाच टीएम ३०. तो ऑनलाइन भरता येतो, कार्यालयात जाऊनही देता येतो. मालकाचं ओळखपत्र, घराच्या नोंदवहीची प्रत (थाईत ताबियन बान), भाडेकरार आणि तुमच्या पासपोर्टची पानं लागतात. दंड २,००० बाटपर्यंत, आणि कायद्याने तो मालकाला होतो. पण अडतं तुमचं काम, कारण मुदतवाढ, राहण्याचा दाखला अशा बहुतेक कामांना ती पोचपावती मागतात.

आमच्या घरमालकिणीला मी घाबरत घाबरत फोन केला. तिलाही नियम माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, दंड आम्ही निम्मा-निम्मा भरला आणि येताना तिने फणसाचे गरे आणले होते. कराराच्या दिवशीच हे बोललो असतो तर तिचाही दिवस वाया गेला नसता.

भारतात जाऊन त्याच घरी परत आलात तर? २०२० मध्ये नियम सैल झाला. वैध री-एंट्री परमिटवर, म्हणजे बाहेर जाण्याआधी घेतलेल्या परतीच्या परवानगीवर, त्याच पत्त्यावर परत येणाऱ्याची पुन्हा नोंद करावी लागत नाही. तरी कार्यालयागणिक पद्धत वेगळी असते, म्हणून तुमच्या भागातल्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. घर बदललं तर मात्र नवी नोंद हवीच.

तारखा: तीन असतात, त्या एकमेकींत मिसळू नका

नव्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. व्हिसावर छापलेली मुदत सांगते की त्या दिवसापर्यंत तुम्ही देशात *शिरू* शकता. विमानतळावर मारलेल्या शिक्क्यातली तारीख सांगते की कधीपर्यंत *राहू* शकता. राहण्याची मुदत संपण्याआधी टीएम ७ भरून ती वाढवून घ्यायची, शुल्क १,९०० बाट. नोकरी असेल तर साधारणपणे वर्षाची वाढ मिळते. कंपन्यांसाठीच्या नियमांत भारतीयाचा पगार महिना किमान ३५,००० बाट आणि एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी अशा अटी असतात. छोट्या कंपनीची नोकरी घेताना हे आधी विचारा.

तिसरी तारीख नव्वद दिवसांची. देशात सलग ९० दिवस झाले की टीएम ४७ भरून "मी इथेच, याच पत्त्यावर आहे" असं कळवायचं. ठरलेल्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवसांनंतरपर्यंत कार्यालयात देता येतो. ऑनलाइन भरायचा तर आधीच्या पंधरवड्यात, तोही सुरुवातीलाच, कारण अर्ज फेटाळला गेला तर प्रत्यक्ष जायला वेळ उरायला हवा. पहिल्यांदा मात्र स्वतः जावं लागतं. उशिराचा दंड २,००० बाट. देशाबाहेर गेलात की मोजणी परत एकपासून सुरू होते. आणि नव्वद दिवसांच्या पावतीने तुमची राहण्याची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ही पावती हातात असल्याने निर्धास्त राहिलेली आणि मुदत उलटून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट दंड. स्वतःहून हजर झालात आणि ९० दिवसांहून जास्त झाले असतील तर वर्षभर प्रवेशबंदी. पोलिसांनी पकडलं तर वर्षाच्या आतल्या मुदतभंगालाही पाच वर्षं बंदी.

गणपतीला घरी जाण्याआधी

एका ओळखीच्या जोडप्याची गोष्ट. वर्षाची मुदतवाढ नुकतीच मिळाली होती. गणपतीला कोल्हापूरला गेले, अनंत चतुर्दशी करून परतले, आणि बँकॉकच्या विमानतळावर कळलं की ती मुदतवाढ संपलेली आहे. देशाबाहेर पाऊल टाकलं त्याच दिवशी संपली होती. री-एंट्री परमिट घेतलं नव्हतं.

मुदतवाढ मिळाली की त्याच दिवशी, त्याच इमारतीत टीएम ८ भरून हे परमिट घेऊन टाका. एका फेरीसाठी १,००० बाट, हव्या तितक्या फेऱ्यांसाठी ३,८०० बाट. आपली माणसं वर्षात एकदा जायचं ठरवतात आणि लग्नं, मुंजी, आजारपणं निघून तीन-चारदा जातात. मी दरवर्षी अनेक फेऱ्यांचंच घेते. रात्री अडीचला घरून वाईट बातमीचा फोन आला तर निदान हा एक घोर तरी नसतो.

काम आणि "थोडंसंच काम"

व्हिसा देशात राहू देतो, काम करायला वर्क परमिट वेगळं लागतं. ते श्रम मंत्रालयाच्या रोजगार विभागाकडून मिळतं आणि त्यावर कंपनी आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असतं. त्याबाहेरचं काम म्हणजे विनापरवाना काम. दंड ५,००० ते ५०,००० बाट, वर देशाबाहेर पाठवणी.

हे मी विशेषतः बायकांसाठी लिहितेय. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आपल्या सुगरणी डबे देऊ लागतात, दिवाळीला चकली-अनारशांच्या ऑर्डरी घेतात, सोसायटीत योगाचे वर्ग सुरू करतात, मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यामागची हौस आणि गरज मला पूर्ण कळते, मीही त्या वाटेने जाऊन आले. पण कायद्याला यातलं सगळं कामच दिसतं. काही व्यवसाय तर परदेशी माणसाला परवाना घेऊनही करता येत नाहीत: केस कापणं, थाई मसाज, पर्यटकांचा गाइड, रस्त्यावर माल विकणं. काम करायचंच असेल तर वर्क परमिट देणारी नोकरी शोधा आणि व्हिसाचा प्रकार बदलून घ्या. वेळ लागतो, पण होतं. माझं झालं.

नोकरी सुटली तर तिच्या आधारावरची राहण्याची परवानगी शेवटच्या दिवशीच संपते. म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना पुढचा कागद तयार आहे का ते आधी बघा. घरच्यांची मुदतही तुमच्याच मुदतीला बांधलेली असते.

पगारातून सामाजिक सुरक्षेचे ५ टक्के कापले जातात, त्याला वरची मर्यादा आहे. त्या बदल्यात तुम्ही निवडलेल्या एका रुग्णालयात उपचार मिळतात. निवड विचारपूर्वक, घराजवळची करा. कॅलेंडर वर्षात १८० दिवस इथे राहिलात की करासाठी तुम्ही इथले रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून असा रहिवासी बाहेरचं उत्पन्न थायलंडमध्ये आणतो तेव्हा तेही करपात्र ठरू शकतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं इकडे मागवत असाल तर भारत-थायलंड करार समजणारा हिशेबनीस गाठा. विवरणपत्राची मुदत ३१ मार्च, म्हणजे ती तारीख तरी आपल्या लक्षात राहण्यासारखी.

मराठी माणसाला इथे फुकट मिळालेली किल्ली

इथलं वर्ष बुद्धाब्दाचं. इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९. दुधाच्या बाटलीवर शेवटी ६९ दिसलं तर दचकू नका. आणि त्या तारखेच्या आधी जे दोन शब्द असतात, "मॉट आयु", त्यांचा अर्थ आयु संपली. आयु तीच, आपली.

महिन्यांची नावं तर राशीच आहेत. जानेवारी मकराखोम, फेब्रुवारी कुंफाफान, मार्च मीनाखोम, एप्रिल मेसायोन, मे फ्रुत्सफाखोम म्हणजे वृषभ, जून मिथुनायोन, जुलै करकदाखोम, ऑगस्ट सिंगहाखोम, सप्टेंबर कन्यायोन, ऑक्टोबर तुलाखोम, नोव्हेंबर फ्रुत्सचिकायोन, डिसेंबर थानवाखोम. "खोम"ने संपणारा महिना ३१ दिवसांचा, "योन"ने संपणारा ३० चा. सूर्य ज्या राशीत शिरतो तिचं नाव महिन्याला, म्हणून आपली मकरसंक्रांत ज्या महिन्यात तो मकराखोम. आणि १३ ते १५ एप्रिलला सगळा देश एकमेकांवर पाणी उडवतो तो सोंगक्रान म्हणजे मेष संक्रांतच.

वारही तसेच. आथित, चान, अंगखान, फुत, फरुहत, सुक, साव. अंगारकीचा उपास करणाऱ्या माणसाला मंगळवार शिकवावा लागत नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कामवाल्या मावशींनी "वान सुक" म्हटलं की त्या "शुक्रवार" म्हणायच्या, दोघी माना डोलवायच्या. पंधरा दिवसांत त्यांनी आहान म्हणजे आहार, ख्रू म्हणजे गुरू, फासा म्हणजे भाषा, रोत म्हणजे रथ, पण इथे कुठलंही वाहन, असे वीस-पंचवीस शब्द जमवले होते.

सुट्ट्याही ओळखीच्या निघतात. माखा बुचा म्हणजे माघी पौर्णिमेची पूजा, विसाखा बुचा वैशाखीची, आसाळ्ह बुचा आषाढीची. तिच्या दुसऱ्या दिवशी खाओ फान्सा, भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. फान्सा म्हणजे वर्षा, आपला चातुर्मासच म्हणा. अधिक महिन्यांच्या हिशेबामुळे एखाद्या वर्षी महिनाभराचा फरक पडतो, पण एरवी नोव्हेंबरच्या पौर्णिमेला केळीच्या खोडाच्या द्रोणात दिवे ठेवून पाण्यात सोडतात त्या लोय क्राथोंगच्या रात्री आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमा असते. पंचगंगेच्या घाटावर मोठी झालेली मी चाओ फ्रायाच्या काठी पहिल्यांदा तो दिवा सोडला तेव्हा रडले होते.

वाक्याच्या शेवटी पुरुषाने "ख्राप", बाईने "खा" म्हणायचं. एवढ्याने काउंटरवरचा चेहरा बदलतो.

शाकाहाऱ्यांसाठी

दोन शब्द पाठ करा. "मांगसाविरात", मूळ संस्कृत मांसविरती, म्हणजे मांस नाही, पण अंडं-दूध चालतं. "जे" म्हणजे मांस, अंडं, दूध, शिवाय कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते जे जेवण. नवव्या चिनी महिन्यात नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतो. उपासकरी माणसाचे ते दिवस सुखाचे.

एरवी नुसतं "मांस नको" म्हणणं पुरत नाही. भाजीत नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी असतं, कालवांचा सॉस असतो, चटणीत कापी म्हणजे सुकटीसारखी वाटलेली कोळंबी असते. "माय साय नाम प्ला" असं स्पष्ट सांगा. डाळी, पोहे, हिंग, गोडा मसाल्याचं सामान बँकॉकच्या फाहुरात भागात मिळतं, गुरुद्वाऱ्याच्या आसपास. कोकम आणि भाजणी मात्र घरूनच आणा. पिण्याचं पाणी इमारतीखालच्या यंत्रातून रिकाम्या बाटलीत भरून घेता येतं, लिटरला साधारण एक बाट.

ज्यात चूक चालत नाही

राजघराण्याबद्दल काही वावगं बोलू नका, लिहू नका, फॉरवर्डही करू नका. फौजदारी संहितेच्या कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे. परदेशी माणसालाही तोच कायदा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत वाजतं, जिथे असाल तिथे उभे राहा. सिनेमाआधी राजगीताला लोक उभे राहतात, आपणही राहावं. नोटेवर राजाचं चित्र असतं, उडालेली नोट पायाने दाबू नये.

पाय कुणाकडे करून बसू नये, देवळात आणि घरात चपला बाहेर, हे आपल्याला सांगायला नको. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपण कौतुकाने लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो, इथे डोकं पवित्र मानतात, परक्याने हात लावू नये. बायकांनी भिक्षूला स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये.

ई-सिगारेट आणू नका, जवळ बाळगू नका. गांजा २०२२ मध्ये मोकळा झाला होता, पण जून २०२५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद आहे. बँकॉकहून आलेल्या बॅगांत तो मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. "एवढं पार्सल भावाला द्या" म्हणणाऱ्याची बॅग कधीही घेऊ नका, माणूस कितीही जवळचा वाटला तरी. भारतातून येताना कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा सुडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्याही टाळा, दोन्हींवर इथे कडक नियंत्रण आहे.

आणि दिवाळीतली रमी. १९३५ च्या पत्त्यांच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय १२० हून जास्त पत्ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ वयस्कर परदेशी लोकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. तीन कॅट जोडून बसलात की तुम्ही १५६ वर पोचता. पैसे लावून खेळणं तर बेकायदाच. भेंड्या लावा.

गाडी, आजारपण आणि हरवलेला पासपोर्ट

रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. सुरुवातीला भारतातून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट चालतं, राहायचं असेल तर थाई परवाना काढा. पासपोर्ट, डॉक्टरचा दाखला, आणि वर्क परमिट किंवा इमिग्रेशनने दिलेला राहण्याचा दाखला लागतो. पहिला परवाना दोन वर्षांचा, नंतरचा पाच. मोटारसायकलचा परवाना वेगळा असतो. तो नसताना भाड्याची स्कूटर चालवून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि खासगी रुग्णालयाचं बिल फार मोठं येतं.

फोनमध्ये हे आकडे ठेवा: पोलीस १९१, रुग्णवाहिका १६६९, आग १९९, पर्यटक पोलीस ११५५. शेवटच्या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं.

बाळ इथे जन्मलं तर १५ दिवसांच्या आत खेत किंवा आम्फोच्या कार्यालयात जन्मनोंद करायची. आई-वडील भारतीय असतील तर इथे जन्मल्याने थाई नागरिकत्व मिळत नाही, म्हणून वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करून पासपोर्ट काढावा लागतो.

पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार, तिची प्रत घेऊन सुखुमवित सोई २३ मधल्या भारतीय दूतावासात. नवा पासपोर्ट हातात आला की काम संपलं असं समजू नका. जुन्या पासपोर्टमधला राहण्याच्या मुदतीचा शिक्का नव्यात उतरवून घ्यायला इमिग्रेशनला जावं लागतं, आणि पुढची नव्वद दिवसांची नोंद त्याच नव्या क्रमांकावर, प्रत्यक्ष जाऊन करायची. तेव्हा जुन्या पानांच्या प्रती मागतात. फोटोचं पान, व्हिसाचं पान, शेवटचा शिक्का आणि टीएम ३० ची चिठ्ठी, चारही गोष्टींचे फोटो आजच काढा आणि भारतातल्या घरी कुणालातरी पाठवून ठेवा.